हिरवं-निळं प्लास्टर

मी डोंबिवलीत एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरला उभी असते, म्हणून सासरी मला अर्धी डॉक्टर समजतात. उरलेली अर्धी म्हणजे माझ्या सासूबाई, आवडाबाई. आम्हा दोघींच्या तावडीत कोणी आजारी माणूस सापडला की त्याचं काही खरं नसतं. मी गोळीचं नाव सांगते, त्या काढा सांगतात, आणि माझा नवरा हितेश दोन्ही गपचूप घेतो. त्याच्या इतक्या वर्षांच्या संसाराचं गुपित एवढंच आहे.

गेल्या एप्रिलात नंबर लागला तो माझ्या मुलीचा. हेमाली साडेचार वर्षांची आहे आणि एका जागी बसणं हा तिला अपमान वाटतो. आम्ही कोपरला खाडीच्या बाजूला राहतो. माझे सासरे, गुणाजी, अजूनही आपली छोटी होडी घेऊन खाडीत जातात. मिळतं कमी, पण जातात. पावसाळ्याआधी होडी काठावर ओढायची, खरवडायची आणि नव्याने रंगवायची, हे त्यांचं दरवर्षीचं काम. त्या दिवशी हेमाली होडीच्या कडेवर चढून बसली होती. सासरे रंगाचा डबा उघडायला वळले आणि ती खालच्या दगडांवर पडली. उजव्या मांडीचं हाड मोडलं.

ती कशी रडली ते मी लिहिणार नाही. सासरे तिला उचलून घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि पुढे कितीतरी दिवस तो फुटलाच नाही. जेवायला बोलावलं की यायचे, ताटातलं संपवायचे, उठायचे. होडी अर्धी रंगवलेली तशीच पडून राहिली.

जवळच्या हॉस्पिटलमध्ये पायाला पट्टी बांधली आणि तिथल्या सर्जननी सांगितलं, "ऑपरेशन करून दोन बारीक खिळे घालू. लवकर उठेल." सासूबाईंना हे ताबडतोब पटलं, कारण त्यांच्या डोक्यात लग्न होतं. माझे धाकटे दीर, प्रणित, यांचं लग्न मे महिन्यात ठरलेलं आणि हेमाली करवली. तिची नऊवारी शिवून आलेली, बांगड्या आणलेल्या, भावकीत सांगून झालेलं. "खिळं तर खिळं," सासूबाई म्हणाल्या. "पोर लग्नात चालाय पायजे."

मला ते पटेना. का पटेना हेही नीट सांगता येईना. मग आमच्या दुकानाच्या मालकांनी नौपाड्यातल्या डॉक्टर नीला गुप्ते यांचं नाव दिलं. त्या फक्त लहान मुलांच्या हाडांचं बघतात. आम्ही हेमालीला ठाण्याला नेलं.

डॉक्टर नीला पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आणि बोलायला अशा की एक शब्द जास्त नाही. त्यांनी एक्स-रे बघितला, हेमालीला तिचं नाव विचारलं, तिच्या बाहुलीचंही विचारलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ही आठ वर्षांची असती तर मीच खिळे घातले असते. या वयात हाड प्लास्टरमध्ये छान जुळतं. छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालावं लागेल. पाच-सहा आठवडे. भूल देऊन घालू, म्हणजे दुखणार नाही. त्रास तिला कमी आणि तुम्हाला जास्त होईल."

"आणि नाही जुळलं तर?" मी विचारलं.

"प्लास्टरमध्ये हाड फार सरकलं तर ऑपरेशन. मग मी मागेपुढे बघणार नाही. पण आज त्याची गरज दिसत नाही."

हितेश माझ्याकडे बघायला लागला, म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात. मी म्हटलं, प्लास्टर. सासूबाईंनी ओठ दाबून धरले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुजी पोर, तुजा हट्ट. बगू." त्या "बगू"चं ओझं मी पुढचा महिनाभर वागवलं. पाय नीट झाला तर डॉक्टरचा गुण, आणि वाकडा झाला तर तो माझ्या, म्हणजे वर्षालीच्या, हट्टामुळे, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

प्लास्टर घातलेलं मूल कधी सांभाळलं नसेल तर सांगते. छातीच्या खालपासून उजव्या पायाच्या घोट्यापर्यंत आणि डाव्या गुडघ्यापर्यंत पांढरा दगड. दोन्ही पाय फाकलेले, मधे एक दांडी, आणि शी-शूसाठी तेवढी जागा उघडी. दांडीला धरून उचलायचं नाही, हे नर्सने तीनदा बजावलं. मूल उचलायला दोन माणसं, वळवायला दोन माणसं, आणि तेवढ्या वेळात त्याला गोष्ट सांगायला तिसरं. ती रिक्षात बसत नाही, गाडीत मावत नाही. ठाण्याला न्यायचं तर हितेशच्या मित्राचा मासळीचा टेम्पो, मागे गादी घालून. कितीही धुतला तरी तो कसला टेम्पो आहे हे सिग्नलला शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला कळायचं. हेमाली झोपल्या झोपल्या त्यांना हात करायची.

डॉक्टरांची मुख्य सूचना एकच होती. प्लास्टरला पाणी लागता कामा नये. लागलं तर ते मऊ पडेल, आणि मऊ पडलं तर आतलं हाड हलेल. आमच्या घरात सगळं पाण्यावर चालतं, त्यामुळे ही सूचना सगळ्यांनी फार मनावर घेतली. सासूबाई तिच्याजवळ तांब्यासुद्धा ठेवू देत नव्हत्या. तिला पाणी पाजायचं तर चमच्याने आणि हनुवटीखाली टॉवेल. मीही डायपरच्या आत डायपर घालून, कडेला प्लास्टिक चिकटवून, दर तासाला वाकून बघत होते. माझं दुकान अर्धवेळ झालं, हितेश रात्रपाळी मागून दिवसा घरी राहायला लागला. सगळे दमलो होतो, पण घरात वाईट वातावरण नव्हतं. कोणीतरी सतत तिच्याशेजारी आडवं पडलेलं असायचं, आणि ती सगळ्यांवर हुकूम सोडायची.

एक सासरे सोडून. ते दारात उभे राहून बघायचे आणि निघून जायचे. "आजोबा, या ना," ती म्हणायची. "येतो," म्हणायचे आणि यायचे नाहीत.

पहिली कसोटी लागली ती दुसऱ्या एक्स-रेला. डॉक्टरांनी फिल्म लावली आणि सासूबाई, ज्या त्या दिवशी मुद्दाम सोबत आल्या होत्या, एकदम पुढे झाल्या. हाडाची दोन टोकं समोरासमोर नव्हती. एकावर एक चढली होती. हे बघायला अर्धी काय, पाव डॉक्टरही पुरला असता.

"हे काय? ह्ये तर शेजारी शेजारी हाय," सासूबाई म्हणाल्या. "असा जोडतात काय?"

डॉक्टर मात्र शांत. "आजी, एवढं चढलेलं चालतं. चढलेलं असावंच, असंही म्हणेन. या वयात मोडलेल्या हाडाला रक्तपुरवठा वाढतो, तो पाय पुढचं वर्ष-दोन वर्षं थोडा जास्त वाढतो. टोकाला टोक अगदी बरोबर लावलं तर हाच पाय दुसऱ्यापेक्षा लांब होऊ शकतो. आता थोडा आखूड आहे, वाढून बरोबरीला येईल. वाकडेपणाही वाढताना बराच भरून निघतो."

"आनि नाय आला तर?"

"मी मोजत राहीन. दर काही महिन्यांनी."

टेम्पोत बसल्यावर सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिकलेली बाय हाय, खोटं नय बोलनार. पन मी डोल्यानी बगला ना." खरं सांगायचं तर मीही डोळ्यांनीच बघितलं होतं आणि मलाही ते चित्र आवडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हेमाली झोपली की प्लास्टरवरून हात फिरवायचे, जणू बाहेरून काही कळणार होतं. चूक झाली असेल तर ती माझी, आणि लंगडणार ती, हा एकच विचार.

लग्न जवळ आलं. हेमालीचं प्लास्टर लग्नानंतर काढायचं होतं, पण सासूबाईंनी त्यावर मार्ग काढला. करवली चालू शकत नाही तर नाही, ती नवरदेवाच्या शेजारी पाटावर, गादीवर, पहिल्या रांगेत बसेल. हळदीलासुद्धा. आमच्याकडची हळद ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगते, तिथे कोरडं कोणी राहत नाही. हळद लावतात कमी आणि फासतात जास्त, त्यात पाणी, त्यात नाच. मी म्हटलं, "आई, डॉक्टर काय म्हणाल्या? पाण्याचा थेंब नको." त्या म्हणाल्या, "मंग पोरीला हलदीला खोलीत कोंडू? सगली भावकी येनार." आमची ही जुगलबंदी स्वयंपाकघरात दोन दिवस चालली. सासरे ओट्याशी बसून चहा पीत सगळं ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी मी साड्यांना फॉल-पिको करून घ्यायला कल्याणला गेले. हितेश पत्रिका वाटायला गेलेला. परत आले तर दाराशीच ऑइलपेंटचा वास. आत मागच्या दारात, वाऱ्याला, पंख्याखाली माझी मुलगी आडवी, आणि तिचं प्लास्टर खालून हिरवं, वरून निळं, मधे पांढरा पट्टा. पोटावर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव. बाजूला सासरे ब्रश पुसत बसलेले. महिन्याभरात पहिल्यांदा ते तिच्याजवळ बसले होते.

"मम्मी, मी होडी!" हेमाली ओरडली.

"दोन हात मारलं," सासरे म्हणाले. "होरीला पानी लागत नय, मंग पोरीला कसा लागंल? आता खुशाल हलद फासा."

खरं तर मी भडकायला हवं होतं. माझा स्वभाव तसा आहे, कोणालाही विचारा. पण सासऱ्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला होता, आणि त्या पट्ट्या इतक्या सरळ मारल्या होत्या, की मला हसू फुटलं. सासूबाई बाजूला उभ्या राहून डोळे पुसत हसत होत्या. मी फोटो काढला, स्टेटसला टाकला. दुकानाच्या मालकांनी शाबासकीचा अंगठा पाठवला. सर्दीच्या गोळीबरोबर काय खाऊ नये हे लोकांना दिवसभर सांगणाऱ्या मला एकदाही वाटलं नाही की डॉक्टरांना विचारावं. पाणी आत जायला नको होतं, आता जाणार नव्हतं. संपलं.

आतलं पाणी बाहेर कसं जाणार, हा विचार घरातल्या एकाही माणसाने केला नाही. मे महिना होता. दुसऱ्या दिवशीपासून हेमाली कुरकुर करायला लागली. खाज येते म्हणाली. मग रडायला लागली, मग खाणं सोडलं. गोष्ट नको, मोबाइल नको, आजी नको. मी हातपंख्याने प्लास्टरच्या कडेतून वारा घातला, तो आत जातच नव्हता. हळदीच्या आदल्या सकाळी सासूबाईंनी तिला पुसताना प्लास्टरच्या कडेला नाक नेलं आणि तशाच थांबल्या. बाजारात मासळी विकताना बिघडलेल्या टोपलीवर ज्या चेहऱ्याने त्या वाकतात आणि गिऱ्हाइकाला काही न बोलता टोपली मागे सारतात, तोच चेहरा.

"वर्षाली, वास बरा नय गो."

मी डॉक्टरांना फोन लावला. वासाचं सांगितलं, रंगाचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "लगेच निघा."

मांडवाचे बांबू रोवत असलेल्या माणसांमधून आम्ही तिला टेम्पोत घातली. सासूबाईंनी मांडव, पाहुणे, सगळं शेजारणीवर सोपवलं आणि चढल्या. सासऱ्यांना कोणी बोलावलं नव्हतं. हितेश गाडी सुरू करणार तेवढ्यात ते मागच्या फळीवर पाय देऊन वर आले आणि हेमालीच्या पायांशी बसले. माणकोलीच्या पुलावरून जाताना खाली खाडी दिसत होती. एरवी ते पुलावरून भरती-ओहोटीबद्दल काहीतरी बोलतातच, त्या दिवशी त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी प्लास्टर बघितलं, वास घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला. "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडणार होते. सासरे पुढे झाले. "मी."

"का?"

"पानी लागू नये म्हनून."

डॉक्टरांचा राग दिसत होता, पण आवाज चढला नाही. "बाबा, प्लास्टरला वारा लागतो. आत घाम येतो, तो प्लास्टरमधून सुकतो. तुम्ही सगळी दारं बंद केलीत. घाम आत, पोर आत. आतली कातडी भिजून सडायला लागली असेल. आता हे काढावंच लागेल, आणि माझ्या हिशोबाने अजून काढायची वेळ झालेली नाही."

"म्हणजे?" हितेशने विचारलं.

"हाड पुरेसं जुळलं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पुन्हा भूल आणि नवीन प्लास्टर. पण कातडी खराब असेल तर त्यावर प्लास्टर घालता येणार नाही, मग खिळे. ऑपरेशन."

तो शब्द इतक्या दिवसांनी परत आला. मी सासूबाईंकडे बघितलं. आता त्या म्हणतील, तवाच सांगितलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला तिथेच, नर्ससमोर, रडू आलं. टोमणा बसला असता तर मी धीराने घेतला असता, त्याची सवय होती.

प्लास्टर कापायची करवत घरघरत सुरू झाली तशी हेमाली किंचाळली. डॉक्टरांनी ती आपल्या तळहाताला लावून दाखवली. "बघ, कापत नाही, गुदगुल्या करते." हेमालीला ते पटलं नाही. मग सासऱ्यांनी आपला हात पुढे केला, आणि डॉक्टरांनी करवत त्यांच्या हाताला लावली. "आता पटलं?" हेमालीने आजोबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि मग ती तयार झाली.

साधं प्लास्टर कापायला दहा मिनिटं लागतात म्हणे. या रंगाने पातं दोनदा भरलं, दोनदा पुसावं लागलं. खोलीभर हिरवी पूड उडत होती. डॉक्टर तोंडाला मास्क लावून म्हणाल्या, "रंग मात्र चांगला वापरलाय." शेवटी दोन्ही बाजूंनी चिरून वरचं अर्धं कवच उचललं, आणि आतून माझं लेकरू निघालं, सुरकुतलेल्या, पांढऱ्या पडलेल्या कातडीचं, जांघेत लाल चट्टे, कमरेपाशी एक बोटभर सोललेली जागा. पाय इतके बारीक झाले होते की मला बघवेना.

"खोल जखम नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन दिवस अजून गेले असते तर झाली असती." नर्सने हलक्या हाताने पुसलं. हेमालीला आधाराने उचलून एक्स-रेला नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. हितेश फोनकडे बघत होता, पण स्क्रीन बंद होती. सासरे उभेच. मी मनातल्या मनात कुठल्याच देवाला काही बोलले नाही. मला फक्त वाटत होतं की मी त्या पहिल्या दिवशी हो म्हणायला हवं होतं. खिळे घातले असते तर आज ती घरी फिरत असती आणि कोणाला रंगाचा डबा आठवलाही नसता.

डॉक्टरांनी आत बोलावलं. त्या हेमालीची मांडी दोन्ही हातांत धरून हळूहळू दाबत होत्या, मोडलं होतं तिथेच, आणि तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "दुखतं?"

"नाही. गुदगुल्या होतात," हेमाली म्हणाली.

फिल्म लावली. मोडलेल्या जागेभोवती ढगासारखा पांढरा गोळा होता, जाड, दोन्ही टोकांना कवेत घेतलेला.

"अजून वाकरंच हाय," सासूबाई पुटपुटल्या.

"आजी, हा गोळा म्हणजे नवीन हाड. भरपूर आलंय. वर्षभरात शरीर स्वतःच तो घासून बारीक करेल." डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "जुळलंय. प्लास्टर नको, ऑपरेशन नको. आणि एक लक्षात ठेवा, हे रंगामुळे झालेलं नाही. रंग असूनही झालंय."

मला आनंद झाला. साधा, पोटातून, जेवण मिळाल्यासारखा आनंद. हितेश भिंतीकडे तोंड करून नाक ओढत होता.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "तिला बसू दे, लोळू दे, रांगू दे. उभं करायचं नाही. हात धरून चल-चल करायचं नाही. मालीश नाही, शेक नाही, वॉकर नाही. पायात ताकद आली, तिची भीती गेली, की ती आपणहून उठेल. सुरुवातीला लंगडेल. लंगडू दे, काही महिने जातील."

सासरे सकाळपासून पहिल्यांदा आपणहून बोलले. "मंग आमी काय करायचं?"

"काही नाही."

"काय तरी आसंल."

"बाबा, मला तीस वर्षं झाली. कापायला हात लवकर शिकतो. थांबायला शिकवणं अजून चालूच आहे. तुम्ही हात मागे ठेवायचे, बस."

हळद झाली, लग्न झालं. करवली सासूबाईंच्या कडेवर होती, नऊवारीत, जांघेला मलम लावून, आणि जे कोणी हळद घेऊन जवळ येई त्याला सासूबाई डोळ्यांनीच थोपवत होत्या. भावकी मात्र ऐकेना. "उभी कर की जरा." "आमच्या पोराला तर आठ दिवसांत चालवला." "पाय कडक होईल हां." प्रत्येकाला काहीतरी माहीत होतं. मी हसून हो हो म्हणत राहिले. धीर सुटायला लागला तो नंतर, पाहुणे गेल्यावर. एक आठवडा गेला, दुसरा गेला, आणि हेमाली बसूनच सरकत होती. ती झरझर सरकायची, खेळायची, भांडायची, पण उठण्याचं नाव नाही. पाय खाली टेकवायला सांगितला की दोन्ही गुडघे पोटाशी. सासूबाईंनी एकदा तेलाची वाटी गरम केलेली मी बघितली, आणि मी बघतेय हे कळताच त्यांनी ती निमूट समईत ओतली. मी स्वतः एकदा तिच्या काखेत हात घालून उचलायला गेले होते. हितेशने "वर्षाली" एवढंच म्हटलं.

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. सासूबाईंनी अंगणात प्लास्टिक अंथरून जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, सुकत घातला होता, पावसाळ्याची बेगमी. ओट्यावर मी लसूण सोलत होते. हेमाली माझ्यापासून हातभर अंतरावर बसून बाहुलीला ओरडत होती. सासरे पायरीवर जाळं विणत होते. शेजारचा बोका भिंतीवरून उतरला, इकडे तिकडे बघितलं आणि सरळ जवळ्यात तोंड घातलं.

"ए!" हेमाली ओरडली. "आजीचा आहे तो!"

बोक्याने कान हलवला, तोंड काही काढलं नाही. मी उठणार तेवढ्यात ती उठली. खांबाला धरलं, डावा पाय टेकला, मग उजवा, आणि उभी राहिली. तिला ते कळलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष बोक्यावर. तिने खांब सोडला आणि एक पाऊल टाकलं, उजवा पाय बाहेर फेकत, आणि कमरेत वाकून अशी डुलली की आता पडणार. माझे दोन्ही हात पुढे गेले.

माझं मनगट कोणीतरी घट्ट धरलं. सासऱ्यांनी जाळं टाकून दिलं होतं. त्यांची बोटं मला रुतत होती, आणि त्यांचा स्वतःचा दुसरा हात हेमालीकडे निघाला होता. त्यांनी तो पाठीमागे नेला आणि सदऱ्याची मागची बाजू मुठीत पकडली.

"हात नको लावूस," ते म्हणाले. अगदी हळू, माझ्याकडे न बघता. "पडली तर पडंल. उटंल."

ती पडली नाही. लंगडत, डुलत, तोंडाने बोक्याला शिव्या देत ओट्यावरून अंगणापर्यंत गेली. बोका पळाला. ती जवळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, मागे वळली, आणि आपण कुठे उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं. तिने आधी पायाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"आजोबा," ती म्हणाली, "मी आले इथे."

"बगतो ना," सासरे म्हणाले. ते रडत होते, मीही रडत होते, आणि आतून सासूबाई ओरडत आल्या की जवळा तुडवते कोण. दारात येऊन बघितलं आणि त्या तिथेच खाली बसल्या. तिला उचलायला आमच्यापैकी कोणीही गेलं नाही.